फिश टँकसाठी ड्रिफ्टवूड तयार करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोड्या पाण्याच्या टँकमध्ये लाकूड ठेवण्याआधी आणि ठेवल्यानंतर जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. घाई असेल तर लाकडाची निवड आणि उकळणं एवढे दोन भाग तरी वाचा. पुढच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

ड्रिफ्टवूड हे कुठल्या विशिष्ट झाडाचं लाकूड असतं का?

नाही. पाण्यात वाहून, झिजून, वाळून कडक झालेलं कोणतंही लाकूड म्हणजे ड्रिफ्टवूड. दुकानात मात्र हे नाव सगळ्याच शोभेच्या लाकडांना लावतात. मोपानी आफ्रिकेच्या दक्षिण भागातून येतं. ते दोन रंगी आणि जड असून लगेच बुडतं, पण पाण्यात भरपूर रंग सोडतं. स्पायडर वूड म्हणजे अझेलिया जातीच्या झुडपांची मुळं. ती बारीक फांद्यांची आणि दिसायला सुरेख असतात, पण हलकी असल्यामुळे बरेच दिवस तरंगतात आणि त्यांच्यावर पांढरी बुरशीही सर्वांत जास्त येते. मलेशियन म्हणून विकलं जाणारं लाकूड गडद आणि वजनदार असतं. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला किंवा ऑनलाइन यांपैकी काहीही घेतलं, तरी ‘रेडी टू यूज’ या शब्दांवर विसंबू नका. घरी आणल्यावर उकळायचंच.

आपल्याकडचं कोणतं लाकूड चालतं?

कठीण, चीक नसलेलं, राळ नसलेलं आणि पूर्ण वाळलेलं. या चार अटींत बसणारी झाडं महाराष्ट्रात भरपूर आहेत.

चिंचेची मुळं आणि जुन्या फांद्या उत्तम. लाकूड घट्ट असतं, पाण्यात वर्षानुवर्षं टिकतं. पेरूच्या फांद्यांना नैसर्गिक वळणं असतात, साल पातळ असते आणि लाकूड गुळगुळीत निघतं. लहान टँकसाठी याहून सोयीचं काही नाही. जांभूळ पाण्यात टिकतं म्हणून पूर्वी विहिरीच्या बांधकामात वापरत. बाभूळही चांगली, पण तिची साल कातडी कमवायला वापरतात ती तिच्यातल्या टॅनिनमुळेच, म्हणजे पाण्यात रंग सोडणाऱ्या तुरट द्रव्यामुळेच. साल कणभरही शिल्लक ठेवली तर पाणी काळपट होत राहील. खान्देशात आढळणारा अंजन हा आपल्याकडच्या सर्वांत जड लाकडांपैकी एक. त्याचा गाभा मिळाला तर बुडवण्याची कटकटच राहत नाही, मात्र त्याला भोक पाडताना ड्रिलची पाती बोथट होते.

खैराचं लाकूड मजबूत असलं तरी त्याच्या गाभ्यातूनच कात काढतात. कितीही उकळलं तरी ते महिनोन्महिने रंग सोडतं. ज्यांना तसंच गडद पाणी हवं आहे त्यांनी वापरावं, इतरांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

कोणतं लाकूड अजिबात घ्यायचं नाही?

कण्हेर विषारी आहे. ती टँकमध्ये तर नकोच, पण उकळायलाही घेऊ नका. शेर, रुई, पांढरा चाफा यांचा चीक त्रासदायक. बिब्बा आणि काजू एकाच कुळातले. त्यांच्या रसाने हातावर फोड येऊ शकतात. कडुनिंबात कीटकांना मारणारी द्रव्यं असतात, त्यामुळे कोळंबी असलेल्या टँकमध्ये त्याचा प्रयोग करू नये. निलगिरीत तेल असतं, चीड आणि देवदारात राळ असते. राळेचं लाकूड उकळताना पाण्यावर चिकट तवंग येतो आणि तो भांड्यालाही सुटत नाही.

वड, पिंपळ, उंबर, पांगारा, शेवगा यांचं लाकूड विषारी म्हणून नव्हे, तर मऊ म्हणून टाळायचं. काही महिन्यांत त्याचा लगदा होतो.

एक मोह मात्र आवर्जून टाळा, तो म्हणजे द्राक्षाच्या वेलीचे जुने खुंट. नाशिक-सांगलीकडे बाग काढली की हे पीळदार, देखणे खुंट ढिगाने मिळतात. पण त्या वेलींवर वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण आणि इतर बुरशीनाशकं फवारलेली असतात. बोर्डोमधला मोरचूद म्हणजे तांबं. कोळंबी आणि गोगलगायींना ते अगदी थोडंही सोसत नाही आणि उकळल्याने तांबं नष्टही होत नाही. शिवाय हे लाकूड पाण्यात लवकर कुजतं. डाळिंब आणि संत्र्याच्या खोडांना बोर्डो पेस्ट लावतात, त्यामुळे त्या बागांतली खोडंही नकोत. पेरू घेतानासुद्धा तो परसातला आहे की फवारणीच्या बागेतला, एवढं विचारून घ्या.

नदीकाठी किंवा समुद्रकिनारी सापडलेलं लाकूड आणलं तर?

आधी कायदा. भारतीय वन अधिनियम, १९२७ यात वाहून आलेल्या आणि काठाला लागलेल्या लाकडासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. कलम ४५ नुसार वाहतं, किनाऱ्याला लागलेलं किंवा बुडालेलं इमारती लाकूड, कोणी हक्क सिद्ध करेपर्यंत, शासनाच्या मालकीचं मानलं जातं. आणि या कायद्याच्या व्याख्येत पडलेली झाडं आणि सर्व प्रकारचं लाकूड ‘इमारती लाकडा’त येतं. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून काडीही उचलायची नाही. खारफुटीचं नाव तर काढूच नका. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर खारफुटी तोडण्यावर बंदी कायम केली आहे. सर्वांत बिनघोर जागा म्हणजे आपल्या किंवा ओळखीच्या माणसाच्या शेताचा बांध आणि परस. मालकाला विचारा आणि मोठं लाकूड गाडीत घालून नेणार असाल तर स्थानिक वन कार्यालयात चौकशी करा.

आता गुणवत्ता. औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला, सांडपाण्याच्या नाल्याजवळ किंवा विसर्जन घाटावर मिळालेलं लाकूड घेऊ नका. लाकूड सच्छिद्र असतं, आत काय मुरलंय ते घासून निघत नाही. किनाऱ्यावरच्या मोडक्या होड्यांच्या फळ्या फोटोत छान दिसतात, पण त्यांवर डांबर, तेल आणि शेवाळं-शिंपले धरू नयेत म्हणून लावलेले विषारी रंग असतात.

समुद्राचं स्वच्छ लाकूड कायदेशीररीत्या हाती आलं असेल, तर त्यातलं मीठ काढायला वेळ लागतो. घरातल्या आरओसाठी घेतलेला टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, इथे कामाला येतो. नळाच्या पाण्याचा आकडा लिहून ठेवा, त्या पाण्यात लाकूड चोवीस तास बुडवा, पुन्हा मोजा. सुरुवातीला फरक शेकड्यांत येईल. रोज पाणी बदलत राहा. टॅनिनमुळेही आकडा थोडा वाढतो, त्यामुळे फरक शून्यावर येण्याची वाट पाहू नका. २०-३० च्या आत आला आणि सलग तीनचार दिवस तिथेच राहिला की पुरे.

फर्निचरचे उरलेले तुकडे, जुनी दारं, पॅकिंगच्या लाकडी पॅलेट?

नाही. वाळवीविरोधी औषधं, पॉलिश, डिंक, रंग. वाळवीसाठी वापरलं जाणारं क्लोरपायरिफॉस माशांना अत्यंत घातक आहे. पॅलेटवर ‘एमबी’ असा शिक्का असेल तर तिला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. शिक्का ‘एचटी’ असला, म्हणजे फक्त उष्णता दिलेली असली, तरी ते बहुधा चिडासारखं मऊ लाकूड असतं आणि प्रवासात त्यावर काय सांडलं ते कळत नाही.

लाकूड पुरेसं वाळलंय हे कसं ओळखायचं?

वजन करा. आठवड्याच्या अंतराने दोनदा केलेलं वजन सारखं आलं की वाळलं. मनगटाएवढी फांदी ओली तोडली असेल, तर एक पूर्ण उन्हाळा मिळाल्याशिवाय ती वाळत नाही. कोकणात जून ते सप्टेंबर तर उलट ओल धरते. नखाने दाबून पाहा: खूण उठली किंवा धागे निघाले तर ते कुजायला लागलंय. एका जागी मऊ आणि बाकी कडक असेल, तर मऊ भाग पटाशीने किंवा जुन्या स्क्रूड्रायव्हरने खरवडून कडक लाकूड लागेपर्यंत काढून टाका.

ओलं लाकूड का नको? आतल्या रसात साखर असते. टँकमध्ये ती जिवाणूंचं खाद्य ठरते, पाणी दुधाळ होतं, साल सुटून कुजते आणि फिल्टर तुंबतो. हा त्रास उकळण्याने कमी होतो, जात नाही.

उकळण्याआधी काय करायचं?

सगळी साल काढा. निघत नसेल तर दोनतीन दिवस भिजवा, मग बोथट चाकूने सहज सुटते. खिळे, तारा उपटा. खाचांतली माती कडक ब्रशने आणि पाण्याच्या जोरदार धारेने काढा. टोकदार काटकं मोडा किंवा घासा, कारण लांब परांचे मासे आणि गोल्डफिश त्यावर ओरखडून घेतात. साबण, भांड्यांचं लिक्विड, डिटर्जंट यांतलं काहीही वापरायचं नाही.

पांढरी-पिवळी भुकटी गळत असेल तर आत भुंगेऱ्याची अळी आहे. उकळल्यावर ती मरेल, पण पोखरलेलं लाकूड किती टिकेल याचा विचार करा.

किती वेळ उकळायचं?

याला ‘दोन तास’ असं सरसकट उत्तर दिलं जातं, पण वेळ लाकडाच्या जाडीवर ठरतो. उष्णता लाकडात फार सावकाश शिरते. पॅकिंगच्या लाकडातली कीड मारण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय नियम गाभ्याला ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं मिळावं, असं सांगतो. म्हणजे उकळत्या पाण्याचे १०० अंश तर भरपूर झाले. प्रश्न इतकाच की गाभा कधी तापतो. उकळी फुटल्यानंतर मोजायला लागा: दोन इंच जाडीला एक तास, चार इंचाला तीन तास, आणि त्याहून जाड बुंध्याला अर्धा दिवस हाताशी ठेवा.

क्रम असा. लाकूड थंड पाण्यातच ठेवा आणि मग आच द्या. वर तरंगू नये म्हणून त्यावर एक धुतलेला दगड ठेवा. आटलेलं पाणी गरम पाण्यानेच भरा. एक फेरी झाली की आच बंद करा आणि लाकूड त्याच पाण्यात पूर्ण गार होऊ द्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात. उकळताना आतली हवा प्रसरण पावून बाहेर पडते, गार होताना जी थोडी उरते ती आकसते आणि तिच्या जागी पाणी आत ओढलं जातं. लाकूड गरम असतानाच बाहेर काढलं, तर पाण्याऐवजी हवाच पुन्हा आत शिरते आणि ते पुढे आठवडाभर तरंगत बसतं.

मग गडद पाणी ओतून द्या आणि दुसरी फेरी करा. साधारण दोन ते चार फेऱ्यांत पाणी फिकं होतं. अगदी नितळ होईपर्यंत उकळत राहू नका. दिवसचे दिवस उकळलं तर लाकडाचे धागे सैल होतात आणि पृष्ठभाग मऊ पडतो.

भांडं स्वयंपाकाचं नको. टॅनिनचे डाग आणि वास राहतो. चुलीवरचा जुना हंडा, पाणी तापवायचं मोठं पातेलं किंवा भंगारातून आणलेला टोप बरा. खिडक्या उघड्या ठेवा आणि शक्यतो अंगणात किंवा गच्चीवर करा.

लाकूड भांड्यात मावतच नाही.

एक बाजू बुडवून एक-दीड तास उकळा, मग उलटं करा. मधला भाग दोन्ही वेळा पाण्याखाली येईल असं पाहा. तेही जमत नसेल, तर मोठ्या टबात ठेवून उकळतं पाणी ओता, वर गोणपाट टाकून वाफ कोंडा आणि पाणी कोमट झालं की पुन्हा करा. चारपाच वेळा केलं तरी याने गाभा तापेल याची खात्री नाही. त्यामुळे अशा लाकडाला भिजवण्याचा काळ जास्त द्यायचा. करवतीने दोन तुकडे करून टँकमध्ये जोडून ठेवणं हाही मार्ग आहे. सांध्यावर मॉस, म्हणजे शेवाळासारखी पाणवनस्पती, लावली की कापलेलं दिसत नाही.

प्रेशर कुकर किंवा ओव्हन चालेल का?

कुकर नको, लाकडाचे तंतू आणि सालीचे तुकडे शिटीत अडकू शकतात. ओव्हनही नको. वाळकं लाकूड तिथे पेटण्याचा धोका आहे आणि भाजल्याने ते आणखी कोरडं, म्हणजे आणखी तरंगणारं होतं.

मीठ, खाण्याचा सोडा, ब्लीच, पोटॅशियम परमँगनेट यांपैकी काय घालू?

उकळता येत असेल तर काहीच नको.

सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं आणि टॅनिन वेगाने सुटतं, हे खरं. पण लाकूडही लवकर मऊ पडतं. वापरलाच तर दहा लिटरला एक मोठा चमचा, फक्त एका फेरीपुरता, आणि पुढच्या दोन फेऱ्या साध्या पाण्याच्या. मिठाने काही साधत नाही. ब्लीच फक्त न उकळता येणाऱ्या लाकडासाठी: एक भाग घरगुती ब्लीच, वीस भाग पाणी, पंधरा मिनिटं. नंतर खळखळून धुऊन दुप्पट मात्रेच्या अँटिक्लोरीनच्या (क्लोरीन काढणाऱ्या औषधाच्या) पाण्यात रात्रभर ठेवा, मग कडक उन्हात वाळवा. क्लोरीनचा जराही वास येत असेल तर हे पुन्हा करा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा बाथरूमचं ॲसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

उकळल्यावर भिजवायचंही का? आणि किती दिवस?

उकळणं कीड मारण्यासाठी, भिजवणं लाकूड बुडण्यासाठी आणि उरलेला रंग काढण्यासाठी. जड लाकडाला एक आठवडा पुरतो, स्पायडर वूडसारख्या हलक्याला तीन-चार आठवडे लागतात. वर वजन ठेवून पूर्ण बुडालेलंच राहायला हवं. अर्धवट वर असलेलं टोक कोरडंच राहतं आणि नेमकं तेच पुढे लाकूड उचलतं. भांडं म्हणून नवीन प्लॅस्टिकचा टब किंवा खाण्याच्या वस्तूंचं पिंप घ्या. रंगाचे रिकामे डबे किंवा रसायनांचे ड्रम नकोत.

बाल्कनीत किंवा गच्चीत पाण्याने भरलेला टब म्हणजे डेंग्यूच्या डासांना आमंत्रण. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून दर दोनतीन दिवसांनी पाणी बदला आणि वर बारीक जाळी किंवा जुना पंचा घट्ट बांधा. या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, टबाच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी असतानाही महिनोन्महिने तग धरतात. पाणी बदलताना भिंतीही घासा.

लाकूड टाकल्यावर पाणी कोऱ्या चहासारखं झालं. मासे मरतील का?

नाही. ते टॅनिन आणि ह्युमिक आम्लं आहेत. फायटर, गुरामी, टेट्रा, डिस्कस, रासबोरा यांच्यापैकी बऱ्याच जणांचं मूळ पाणी असंच असतं. अनेक जण तर देशी बदामाची वाळलेली पानं मुद्दाम घालतात.

पण एक गोष्ट तपासा: तुमच्या पाण्याचा केएच, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद. मुंबई-पुण्याला धरणांचं मऊ पाणी येतं. त्यात केएच तीनच्या खाली असेल, तर मोठ्या लाकडामुळे पीएच हळूहळू घसरतो. लाकूड टाकल्यानंतर पहिले दोन आठवडे दर तीन दिवसांनी पीएच मोजा. टँक जुना आणि पाणी बदलण्यात कुचराई असेल तर ही घसरण जास्त होते. मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे बोअरचं जड पाणी असेल तर पीएच जागचा हलणार नाही. फक्त रंग दिसेल. म्हणूनच ‘लाकडाने पीएच कमी करता येतो’ हा सल्ला एका घरात लागू पडतो आणि दुसऱ्या घरात मुळीच नाही.

आफ्रिकन सिक्लिड आणि मॉली यांना जड, अल्कधर्मी पाणी लागतं. त्यांच्या टँकमध्ये दगड शोभतात. लाकूड ठेवायचंच असेल तर लहान आणि नीट उकळलेलं.

रंग नकोच असेल तर?

दर आठवड्याला २५-३० टक्के पाणी बदलत राहा, बहुतेक लाकडांचा रंग एक-दोन महिन्यांत ओसरतो. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवला तर लवकर फरक पडतो. तो दोन ते चार आठवड्यांत भरतो, मग बदलावा लागतो. फिल्टरमध्येच ठेवायचं प्युरिजेन नावाचं शोषक रेझिनही टॅनिन चांगलं ओढतं. माशांना औषध देताना कार्बन काढून ठेवायला विसरू नका.

उकळलं, भिजवलं, तरी तरंगतंच आहे. ते कधी बुडेल?

लाकडाच्या पेशींच्या भिंतीची घनता जवळपास सर्वच झाडांत पाण्याच्या दीडपट असते. तरंगते ती आतली हवा. म्हणजे हवा निघाली की प्रत्येक लाकूड बुडणारच, फक्त काहींना सहा आठवडे लागतात. वाट पाहायची नसेल तर किती वजन लागेल याचा हिशोब करता येतो.

लाकूड कोरडं असताना वजन करा, समजा १.२ किलो. वजनकाट्यावर पाण्याची बादली ठेवून काटा शून्य करा. लाकूड बारीक सळीने पूर्ण पाण्याखाली दाबा, बादलीच्या तळाला-भिंतीला टेकू देऊ नका. काटा समजा २ किलो दाखवतो. २ वजा १.२ म्हणजे ८०० ग्रॅमची उसळी. आता आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, पाण्यात बुडाल्यावर त्याच्या वजनाचा सुमारे ६५ टक्के भागच खाली ओढायला उपयोगी पडतो. ८०० भागिले ०.६५ म्हणजे साधारण सव्वा किलो. थोडी जादा सोय म्हणून दीड किलोचा दगड बांधा. नुसता अंदाजाने अर्ध्या किलोचा दगड ठेवला, तर रात्री कधीतरी लाकूड निसटतं आणि वर येताना हीटर फोडतं.

वजनासाठी लाकूड दगडी फरशीच्या तुकड्याला कसं जोडायचं?

मार्बलवाल्याकडे ग्रॅनाइटचे कापून उरलेले तुकडे मिळतात. सहा इंच लांब-रुंद आणि १८ मिलिमीटर जाड तुकडा सव्वा किलोच्या थोडा आत भरतो, पाण्यात त्यातले ७०० ग्रॅम कामी येतात. वर वाळू-खडी पसरली की आणखी आधार मिळतो. कडप्पा किंवा शहाबादी फरशी स्वस्त पडते, पण दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. मऊ आणि आम्ल पाण्यात ते हळूहळू विरघळून जडपणा वाढवू शकतात. लाकूड पीएच खाली ओढणार आणि फरशी वर, अशी रस्सीखेच कशाला?

ग्रॅनाइटला हिऱ्याच्या ड्रिलबिटने, पाण्याची धार सोडत, सहा-आठ मिलिमीटरचं भोक पाडा. दुकानदार थोडक्या पैशांत पाडून देतो. लाकडात स्क्रूपेक्षा बारीक भोक आधी करा, नाहीतर वाळकं लाकूड चिरतं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचाच हवा, ३०४ किंवा ३१६ ग्रेडचा. जस्ताचा मुलामा दिलेला गंजतो, पितळेतून तांबं सुटतं. स्क्रूचं डोकं फरशीच्या बाहेर येत असेल तर फरशी थेट काचेवर टेकवू नका, खाली वाळूचा थर किंवा पातळ फोम असू द्या.

भोक पाडायचं नसेल तर मासेमारीच्या तंगूसने किंवा केबल टायने दगडाला आवळून बांधा. ओल्या लाकडाला सिलिकॉन चिकटत नाही, त्यावर भरवसा ठेवू नका.

चारपाच दिवसांत लाकडावर पांढरा, बुळबुळीत थर आला.

येणारच. लाकडातून झिरपणाऱ्या साखरेवर वाढणारे जिवाणू आणि बुरशी आहेत त्या. माशांना अपाय नाही. दोन ते सहा आठवड्यांत खाद्य संपलं की थर आपोआप जातो. कोळंबी, गोगलगायी आणि छोटे सकर मासे (काचेला तोंडाने चिकटणारे) तो आवडीने खातात. डोळ्यांना खुपत असेल तर टूथब्रशने घासा आणि त्याच वेळी पाइपने ओढून घ्या, नुसतं घासून पाण्यात सोडू नका. त्यासाठी बुरशीनाशक औषध टाकणं हा शुद्ध वेडेपणा आहे. ते माशांना आणि फिल्टरला त्रास देईल, थर आठवड्याने परत येईल.

थर फारच जाड असेल आणि पाणीही दुधाळ झालं असेल तर मात्र ऑक्सिजन कमी पडू शकतो, विशेषतः रात्री आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात. मासे पाण्याच्या वर तोंड काढताना दिसले तर एअर पंप पूर्ण वेगाने चालवा, पाव टँक पाणी बदला, एक दिवस खाणं बंद ठेवा. लाकूड बाहेर काढून पुन्हा एकदा उकळा.

काळे डाग आणि सडक्या अंड्यासारखा वास?

तो हायड्रोजन सल्फाइड. आत कुठेतरी प्राणवायू न पोचलेला कुजका भाग आहे. लाकूड लगेच काढा, कुजका भाग कोरून टाका. पुन्हा उकळूनही वास राहिला तर ते लाकूड चुलीत घाला. वास लाकडाला नसून त्याखालच्या वाळूला असेल, तर वाळूचा थर जाड झालाय. तळ थोडा उचलून खालून पाणी फिरू द्या.

काच फुटण्याचा धोका कितपत असतो?

एका बाबतीत खराच असतो: लाकूड दोन काचांच्या मध्ये अडकवून बसवलं तर. कोरडं असताना ते नेमकं बसतं, पाणी शोषल्यावर फुगतं आणि काचेला किंवा सांध्याला भेग पाडतं. दोन्ही बाजूंना किमान दीड इंच जागा सोडा. काच पुसायचा चुंबकही तिथून फिरायला हवा. दोन फुटी टँकमध्ये सव्वा फुटांपेक्षा लांब लाकूड घेऊ नये.

चालू टँकमध्ये, मासे असताना लाकूड टाकता येईल का?

हो. आधी ते दोन दिवस स्वच्छ बादलीत ठेवा. पाण्यावर तवंग, फेस किंवा विचित्र वास आला नाही तरच पुढे जा. लाकूड जेवढी जागा घेईल तेवढं पाणी आधी काढून ठेवा. नंतर आठवडाभर खाणं जरा हात राखून द्या आणि अमोनिया एक-दोनदा मोजा.

त्यावर झाडं कशी लावायची?

अनुबियास आणि जावा फर्न यांचं आडवं खोड लाकडाच्या खाचेत ठेवून सुपरग्लू जेलचा एक थेंब, किंवा दोऱ्याचे दोन वेढे. मॉस सुती दोऱ्याने बांधा. दोरा कुजेपर्यंत ते स्वतः धरतं. पांढरा थर ओसरल्यावरच झाडं लावा, नाहीतर तो मॉसमध्ये गुंतून बसतो.

सकर मासा लाकूड खातो का?

रॅस्प मारतो, म्हणजे वरचा थर खरवडतो. ब्रिसलनोजसारख्या जातींना टँकमध्ये लाकूड असलेलं चांगलं, पॅनाक जातीचे तर त्याचा अक्षरशः भुसा पाडतात. अशा टँकमध्ये फिल्टरचा स्पंज वरचेवर धुवावा लागतो. बाजारातला साधा सकर मात्र फुटाहून मोठा होतो. नकोसा झाला तरी नदीत किंवा तलावात सोडू नका, दुकानदाराला परत द्या.

जुन्या टँकमधलं लाकूड दुसऱ्या टँकमध्ये वापरायचं आहे.

आधीचे मासे निरोगी होते आणि लाकूड ओलंच आहे, तर जसंच्या तसं हलवा. त्यावरचे उपयोगी जिवाणू नव्या टँकला कामी येतात. मधे एखादा रोग आला होता, किंवा नकोशा गोगलगायी आणि काळं शेवाळ होतं, तर तासभर उकळा. जिवाणू जातील, त्यामुळे ते नवं लाकूड समजूनच पुढचं करा. मधल्या काळात माळ्यावर ठेवून वाळवलं असेल, तर ते पुन्हा तरंगणार. त्यामुळे टँक लावायच्या दोन आठवडे आधी ते पिंपात बुडवून ठेवा.